पान वाढलंय

आमच्या विदर्भात टोमॅटोला भेदरं म्हणतात. पुण्या-मुंबईकडून आलेल्या सुनांना हा शब्द ऐकून आधी हसू येतं. मग एकदा निखाऱ्यावर भाजलेल्या भेदराची लसूण-हिरवी मिरची घालून ठेचलेली चटणी भाकरीबरोबर खाल्ली, की त्याही भेदरंच म्हणू लागतात. माझ्या लहानपणी, म्हणजे १९५५-६० च्या सुमारास, भेदरं फक्त हिवाळ्यात मिळायची. चपटी, कंगोरेदार, पातळ सालीची आणि आंबटढाण. परसातल्या मोरीच्या पाण्यावर दोन-चार झाडं आपसूक वाढत. त्यांना कुणी खत घातल्याचं मला आठवत नाही, फवारणी तर दूरच.

आता नागपूरच्या कळमना बाजारात बाराही महिने टोमॅटो असतो. कधी नाशिक-संगमनेरचा, कधी पार आंध्रातल्या मदनपल्लीचा. आणि नात्यातले शेतकरी भेटले की पिकापेक्षा जास्त बोलणं फवाऱ्यांबद्दल होतं. किडीचा फवारा वेगळा, रोगाचा वेगळा, आणि तिसरा ‘टॉनिकचा’. हे टॉनिक म्हणजे पानावर मारायचं खत. आपल्याकडे जेवणाच्या ताटालाही पानच म्हणतात. ‘चला, पान वाढलंय’ अशी हाक येते. इथे खरोखरच पानावर जेवण वाढायचं असतं!

मंडळी, मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवणारी बाई. शेतीशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण पानाला जेवू घालायची ही कल्पना आली कुठून, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. गेला महिनाभर त्याच्याच मागे होते. जे हाती लागलं ते मांडते.

सुरुवात फ्रान्सपासून करावी लागते. १८४३-४४ च्या सुमारास युझेब ग्री नावाचे एक गृहस्थ पिवळ्या पडणाऱ्या झाडांचा अभ्यास करत होते. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असा तो विकार. ग्री यांनी लोखंडाच्या क्षाराचं पाणी करून ते कुंचल्याने पानावर लावलं. काही दिवसांत जिथे जिथे कुंचला फिरला होता तिथे तिथे पान हिरवं झालं, आणि बाकीचं पिवळंच राहिलं. किती साधा प्रयोग आहे पाहा. आठवीच्या वर्गात करून दाखवता येईल. झाड मुळांनी खातं हे तर सगळ्यांना माहीत होतं. पान नुसतं श्वास घेत नाही, थोडं खातंही, हे इथे डोळ्यांना दिसलं.

पुढे १९१६ मध्ये हवाई बेटांवर जॉन्सन या शास्त्रज्ञाने अननसाच्या पिवळ्या पडलेल्या मळ्यांवर लोहाचं पाणी फवारलं आणि मळे हिरवे झाले. गंमत म्हणजे तिथल्या मातीत लोह कमी नव्हतंच. मातीत मँगनीज इतकं जास्त होतं, की झाडाला लोह घेता येईना. घरात कणगी भरलेली, पण किल्ली हरवलेली! अशा वेळी शेजारणीने खिडकीतून वाटीभर भात द्यावा, तसा तो फवारा होता. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीतही असंच होतं. लोह आणि जस्त मातीत असतं, पण झाडाच्या तोंडी लागत नाही.

जस्ताचं नाव निघालं, आता जरा थांबते. कारण या इतिहासातला मला सगळ्यात आवडलेला माणूस इथेच भेटतो, आणि तो आपला, मराठी आहे.

डॉ. यशवंत लक्ष्मण नेने. जन्म १९३६, ग्वाल्हेरचा. शिंदेशाहीमुळे तिकडे स्थिरावलेली जी मराठी घरं, त्यांतलं हे एक. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात वनस्पतींच्या रोगांवर डॉक्टरेट करून ते परतले आणि हिमालयाच्या पायथ्याशी पंतनगरला, १९६० मध्ये सुरू झालेल्या नव्या कृषी विद्यापीठात काम करू लागले. त्या तराईच्या भागात धानाला एक विचित्र रोग लागत होता. रोप लावून थोडे दिवस झाले की पानांवर तपकिरी, काताच्या रंगाचे ठिपके पडायचे, वाढ खुंटायची, शेतंच्या शेतं बसून जायची. कातासारखा रंग म्हणून लोक त्याला ‘खैरा’ म्हणत. ठिपके दिसले म्हणजे बुरशी असणार, नाहीतर विषाणू, असं कुणालाही वाटेल. त्यातून नेने तर रोगशास्त्राचेच पदवीधर. ज्याच्या हातात हातोडा असतो त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, असं त्यांचं झालं असतं तर नवल नव्हतं. पण १९६६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की हा रोगच नव्हे. ही भूक आहे. जस्ताची.

आणि उपाय काय? हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट, अडीच किलो चुना, १००० लिटर पाणी, आणि फवारा. चुना कशाला, तर झिंक सल्फेटच्या आम्लाने पान भाजू नये म्हणून. कुठल्याही गावच्या दुकानात मिळेल असा माल. खैराची ओळख पटवणं हे काम होतं, औषध काही मोठं नव्हतं. निदानाला बुद्धी लागली, उपचाराला बादली आणि पंप.

थोडं विषयांतर करते. हेच नेने पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत उपमहासंचालक झाले. त्यांनी १९९४ मध्ये सिकंदराबादला एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशन ही संस्था काढली, आणि सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथाची हस्तलिखिताची प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातून मिळवली. नलिनी साधले यांनी केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात कुणपजल नावाचं आंबवलेलं द्रवखत आहे. मांस, चरबी, मज्जा वगैरे शिजवून कुजवायचं आणि झाडाला घालायचं. आज जे लोक ‘आमच्या पूर्वजांचं कुणपजल’ म्हणून बाटल्या विकतात, त्यांच्यापैकी किती जणांना नेन्यांचं नाव माहीत असेल? असो. जस्ताचा माणूस संस्कृत हस्तलिखितामागे लागला, ही गोष्ट एका इतिहासाच्या बाईला आवडणारच. २०१८ मध्ये ते गेले.

पुन्हा पानाकडे येऊ. पानाने खाल्लेलं झाडात जातं कुठे, हे कळायला अणुयुग यावं लागलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिशिगनला ट्यूकी, विटवर, बुकोव्हाक या मंडळींनी किरणोत्सारी फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे पानावर लावून त्यांचा माग काढला. चोराच्या पायाला रंग लावून ठेवावा, तसं. त्यांना दिसलं की फॉस्फरस-पोटॅशियम पानात शिरून झाडभर फिरतात. जस्त, लोह, मँगनीज थोडेफार सरकतात. आणि कॅल्शियम जिथे लावलं तिथेच बसून राहतं, जागचं हलत नाही.

ही शेवटची गोष्ट टोमॅटोवाल्यांनी तर भिंतीवर लिहून ठेवावी. कारण टोमॅटोचा एक जुना विकार म्हणजे फळाचं बूड काळं पडणं. वरून फळ छान, उलटं केलं की बुडाशी रुपयाएवढा काळा, चामड्यासारखा डाग. कितीतरी वर्षं लोक याला बुरशीचा नाहीतर जंतूंचा रोग समजत होते. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगांनी कळलं, की हीसुद्धा भूकच, कॅल्शियमची. मग झालं! कॅल्शियमच्या बाटल्या आल्या. पण पानावर मारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, ते फळात उतरत नाही. टोमॅटोच्या गुळगुळीत सालीला पानासारखी रंध्रंही नसतात, त्यामुळे फळावर मारलं तरी फार काही आत जात नाही. कॅल्शियम फळात जातं ते मुळांनी ओढलेल्या पाण्याबरोबर. म्हणजे पाण्याच्या पाळ्या नीट, नियमित ठेवणं हा त्यावरचा मुख्य उपाय. आठ दिवस कोरडं ठेवायचं आणि मग धो धो पाणी सोडायचं, की बूड काळं पडलंच. शिवाय नत्र भारंभार दिलं की पानंच सगळं पाणी ओढून घेतात, आणि फळ उपाशी.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा कळमेश्वरकडे शेती करतो. संत्र्याची थोडी झाडं, कापूस, आणि दसऱ्यानंतर एकरभर भेदरं. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे दोन दिवस राहायला गेले होते. कोठ्यातल्या फळीवर रिकाम्या बाटल्यांची रांग होती. मोजल्या, अकरा. त्यांतल्या चार कीडनाशकाच्या, दोन बुरशीच्या औषधाच्या, आणि पाच टॉनिकच्या. एकीवर सिंहाचं चित्र, एकीवर पहिलवानाचं. चष्मा लावून एकेक वाचायला घेतली. पुढे मोठ्या अक्षरात काय काय होईल ते. आत काय आहे ते मागे, मुंगीएवढ्या अक्षरात. एका बाटलीवर तर आत काय आहे हे लिहिलेलंच नव्हतं.

म्हटलं, “बापू, हे सगळं भेदराले लागते का रे?”

तो म्हणाला, “मावशी, मुळीले टाकलेलं खत झाड खाते का नाई खात, कोनाले मालूम? पानावर मारलं का चार दिवसात हिरवंगार दिसते. डोयाले दिसते ना!”

खोटं नाही ते. नत्र पानात पटकन शिरतं आणि पान हिरवं दिसतं. ग्री साहेबांनाही तेच दिसलं होतं. पण मी मास्तरीण पडले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याच्यासमोर गणित मांडलं. पाचपैकी एक पुडीतून भरलेलं १९:१९:१९ खत होतं, त्याची तरी टक्केवारी ठाऊक होती. लिटरला ५ ग्रॅम, एकराला २०० लिटर पाणी, म्हणजे एका फवाऱ्यात एक किलो खत. त्यात नत्र १९ टक्के, म्हणजे १९० ग्रॅम. आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची संकरित टोमॅटोसाठीची शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद, १५० किलो पालाश. एकरी नत्र झालं १२० किलो. कुठे १२० किलो आणि कुठे १९० ग्रॅम! दहा फवारे मारले तरी दोन किलो भरत नाही. पानावरून झाडाचं पोट भरायचं म्हणजे चमच्याने विहीर भरण्यासारखं आहे.

बापू जरा वेळ कॅलेंडरकडे बघत बसला. मग म्हणाला, “मंग नेनेसायबाचं जस्त कसं चाललं?” (आदल्या रात्री जेवताना मीच ती गोष्ट सांगितली होती.) प्रश्न चांगला होता. त्याचंही गणित केलं. झिंक सल्फेट अर्धा टक्का, २०० लिटरला एक किलो, आणि त्यात जस्त सुमारे २१ टक्के, म्हणजे २१० ग्रॅम. एकरभर भेदराच्या पिकाला उभ्या हंगामात जस्त लागतं शे-दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे भूकच ग्रॅमची आहे, आणि एका फवाऱ्यात ती भागण्याजोगी आहे. बोरॉनचं, लोहाचं तसंच. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भाजीपाल्यासाठी ‘व्हेजिटेबल स्पेशल’ म्हणून पानावर मारायचं जे मिश्रण काढलं, तेही अशाच सूक्ष्म अन्नद्रव्यांचं.

याच गणितावर अलीकडचा एक मोठा वाद उभा राहिला. इफ्कोने २०२१ मध्ये नॅनो युरिया बाजारात आणला. अर्ध्या लिटरची बाटली, आणि म्हणणं असं की ती ४५ किलोच्या गोणीची जागा घेईल. गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. बाटलीत तेव्हा होतं ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. हजारपटीचा फरक. नॅनो कणांमुळे पानाला नत्र फार कार्यक्षमपणे मिळतं, असं त्यावर सांगितलं गेलं. पण लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं भात-गव्हावर प्रयोग केले, तेव्हा नेहमीच्या खताच्या तुलनेत भाताचं उत्पन्न १३ टक्के आणि गव्हाचं २१.६ टक्के घटलं. कोपनहेगनच्या दोन शास्त्रज्ञांनीही २०२३ मध्ये या दाव्यांवर टीकेचा लेख लिहिला. नंतर नत्राचं प्रमाण वाढवलेली बाटली आली. मला यातलं रसायन कळत नाही, पण भागाकार येतो.

आणि सिंह-पहिलवानांच्या बाटल्यांचं काय? त्यांना बरीच वर्षं कायदाच नव्हता. खत म्हणावं तर खत नाही, कीडनाशक म्हणावं तर तेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना ‘जैव-उत्तेजक’ म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आणलं गेलं. केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं, की अशी सुमारे ३० हजार उत्पादनं देशात बिनबोभाट विकली जात होती, आणि तपासणी कडक केल्यावर साडेसहाशेच्या आसपास उरली. तीस हजारांतून साडेसहाशे! बाकीच्यांचे पैसे कुणाच्या खिशातून गेले?

आता कीड-रोगांकडे वळते. टॉनिक मारल्याने झाड धष्टपुष्ट होतं आणि मग रोग लागत नाही, असं दुकानदार सांगतात. यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. फ्रान्समध्ये फ्रांसिस शाबूसू नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. १९८५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की कीड ही निरोगी झाडावर उपाशी मरते, आणि रसात मोकळी अमिनो आम्लं साठली की माजते. त्यांचा सगळा सिद्धांत जसाच्या तसा सगळ्यांनी मान्य केलेला नाही. पण एवढं शेतावर दिसतं, की नत्र जास्त झालेल्या लुसलुशीत टोमॅटोवर मावा, पांढरी माशी, नागअळी आधी धावून येतात. म्हणजे हिरवंगार दिसावं म्हणून मारलेला नत्राचा फवारा हे पाहुण्यांना धाडलेलं आवतण ठरू शकतं. त्यात २०१४ पासून टुटा ही दक्षिण अमेरिकेतली नागअळी आली. भारतात ती प्रथम सापडली ती आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याकडे. टोमॅटोची जन्मभूमीही तीच. भेदरं आधी आली, त्याची अळी चारशे वर्षांनी मागून आली!

पण उलटही खरं आहे. टोमॅटोवरचा करपा, तो ज्यात पानावर गोल गोल कड्यांचे डाग पडतात, तो नत्राला भुकेल्या, म्हाताऱ्या पानांवर जास्त येतो. तिथे उपासमार अंगाशी येते. आणि क्वचित पानावर मारलेलं अन्न खरोखर झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतं. १९८९ मध्ये गॉटस्टाइन आणि कुच यांनी काकडीच्या पानांवर फॉस्फेटचे क्षार फवारले, तर फवारा न लागलेल्या वरच्या पानांवरही रोग कमी आला. तेव्हा सरसकट ‘टॉनिक वाईट’ असं मी म्हणणार नाही. कोणतं, किती, आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय मारू नये, एवढंच बापूला सांगितलं.

आणि आणखी एक सांगितलं, जरा रागावूनच. एकाच पंपात कीडनाशक, बुरशीचं औषध आणि टॉनिक कालवायची जी पद्धत पडली आहे ती सोड. २०१७ चा पावसाळा आम्ही विदर्भातले लोक विसरलेलो नाही. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा वर धरावा लागे आणि तो तोंडावर येई. एकापेक्षा जास्त औषधं मिसळलेली. मेलेल्यांत बरेचसे रोजंदारीवर फवारणारे होते. त्यांना बाटलीवर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

आता शेवटी तिरंग्याची गोष्ट. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, टाळेबंदी चालू असताना, अकोले, संगमनेर, जुन्नर या भागांतल्या उन्हाळी टोमॅटोत एक नवाच प्रकार दिसला. फळ एकसारखं लाल होईना. काही भाग लाल, काही पिवळा, काही हिरवट. आत कडक, काळपट. शेतकऱ्यांनीच त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं. एकीकडे बाजार बंद, दुसरीकडे हे. कुणी बियाण्याला दोष दिला, कुणी हवेला. एका हिंदी वाहिनीने तर हा विषाणू माणसालाही घातक असल्यासारखी बातमी चालवली, आणि उरलासुरला भावही पडला. (झाडाचे विषाणू माणसाला बाधत नाहीत. तसं असतं तर आपण कधीच संपलो असतो.)

या गोष्टीतली अडचण नीट समजून घ्या. टोमॅटोवर पिवळे पट्टे तीन कारणांनी येऊ शकतात. एक, उष्णता. पारा तीस-बत्तिसाच्या वर राहिला की फळातला लाल रंग नीट तयारच होत नाही. दोन, पालाश कमी पडणं. आणि तीन, विषाणू. तिन्ही डोळ्यांना सारखेच. तसंच पानाचं. जस्ताच्या भुकेने पान बारीक होतं, आणि विषाणूनेही बारीक, दोरीसारखं होतं. बांधावर उभा असलेला माणूस काय करणार? दुकानात जाणार, पिवळं म्हटलं की पालाशची पुडी येणार, पान बारीक म्हटलं की जस्ताची बाटली. उष्णता असेल तर पैसे वाया. भूक असेल तर गुण. आणि विषाणू असेल तर पैसेही वाया आणि हातातले दिवसही.

नमुने बंगळूरच्या त्याच बागवानी संशोधन संस्थेत गेले. निष्कर्ष आला, मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू, आणि त्याच्या जोडीला टोमॅटोचे इतरही विषाणू. काकडीचा हा विषाणू अमेरिकेत पहिल्यांदा वर्णन केला गेला १९१६ मध्ये. म्हणजे हवाईत अननसावर लोह फवारलं गेलं त्याच साली. हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर तो राहू शकतो. पसरवतो मावा, आणि तोही कसा? रोगट पानात काही सेकंद सोंड खुपसली, उडून निरोगी पानात काही सेकंद खुपसली, झालं काम. कीडनाशकाने मावा मरेपर्यंत तो चार झाडं फिरून आलेला असतो. आणि एकदा झाडात शिरलेल्या विषाणूवर जगात औषध नाही. जस्त नाही, बोरॉन नाही, समुद्रशेवाळ नाही, सिंह नाही, पहिलवान नाही.

उपाय आहेत ते सगळे आधीचे. रोपवाटिका बारीक जाळीच्या आत ठेवायची. प्लॉटभोवती मक्याच्या दाट ओळी आधी लावायच्या, म्हणजे बाहेरून येणारा मावा तिथे टेकून सोंड पुसून घेतो. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करायचं. बांधावरचं तण काढायचं. काकडीवर्गातल्या वेलांच्या शेजारी भेदरं लावायची नाहीत. यातल्या कशाचीही बाटली होत नाही, आणि म्हणून दुकानाच्या दारावर यातल्या कशाचंही पोस्टर नसतं.

बापूने यंदा पेरणीआधी मातीचा नमुना दिला होता. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते, त्याच्याकडे जुनी एक होतीही, पण ती कपाटात घडी घालून ठेवलेली. नव्या पत्रिकेत बारा ओळी. बाकी सगळं बरं, जस्त कमी, लोह काठावर. मी फोनवरच त्याला ओळ वाचायला लावली. आता यंदाच्या भेदरांना जस्ताचे दोन फवारे, चुन्याच्या निवळीसह, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. नत्र सगळं मुळाशी, थोडं थोडं करून. मक्याच्या दोन ओळी चारही बाजूंनी लावून झाल्या आहेत, त्या आता गुडघ्याएवढ्या आल्यात म्हणे. टॉनिकची एक बाटली मात्र त्याने घेतलीच. मी विचारलं तर म्हणाला, “मावशी, उधारी त्याच दुकानात हाय. निस्तं झिंक सल्फेट मागाले गेलो तर तो तोंड वाकडं करते.”